उताराचा अभ्यास : स्वारगेटहून सायकलने नव्या नोकरीवर

अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले ते कोणत्याही यंत्रावाचून, जमिनीखालच्या नळातून, निव्वळ उताराच्या जोरावर; आणि आज पुण्याच्या स्वारगेट परिसरातून सायकलने नव्या नोकरीवर जाऊ पाहणाऱ्याने सर्वांत आधी ध्यानात घ्यावी अशी गोष्टही हीच आहे, की कात्रज वर आहे, मुठा नदी खाली आहे आणि स्वारगेट या दोहोंच्या मध्ये आहे. आंबील ओढा कात्रजकडून येऊन पर्वतीच्या पायथ्यावरून मुठेला मिळतो, तोही याच उताराने. सायकल कोणती घ्यावी, या प्रश्नाला बहुतेक जण प्रथम हात घालतात. वस्तुतः त्याचे उत्तर रस्त्याच्या अभ्यासातूनच मिळते.

सपाट डांबरी रस्त्यावर बेताच्या वेगाने चाललेल्या सायकलला जो विरोध होतो, त्यात रस्त्यावर टेकून दबणाऱ्या टायरचा वाटा मोठा असतो. पण शंभर मीटरांत रस्ता एकच मीटर चढला, तरी त्या चढासाठी लागणारा जोर टायरच्या विरोधाहून अधिक भरतो, आणि डोळ्यांना सपाट वाटलेला रस्ता मांड्यांना मात्र चांगलाच जाणवतो. धनकवडी किंवा बालाजीनगर येथे राहून स्वारगेटला कामावर येणारा सकाळी उताराने, फारसा घाम न येता पोहोचतो आणि चढ त्याच्या वाट्याला संध्याकाळी, घरी जाऊन अंघोळ करता येईल अशा वेळी येतो. स्वारगेटला राहून कात्रजकडे नोकरीस जाणाऱ्याचे गणित याच्या नेमके उलट असल्याने त्याने कपड्यांचा दुसरा जोड, टॉवेल आणि पोहोचल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे आधीच हिशेबात धरली पाहिजेत. पेडलच्या एका फेऱ्यात चाक किती फिरावे हे बदलण्याची जी सोय, तिला गिअर म्हणतात. कात्रजच्या बाजूला जाणाऱ्याला ती हवीच, पण टिळक रस्त्याने डेक्कनपर्यंत जाणाऱ्याचे काम बिनगिअरच्या साध्या सायकलनेही उत्तम भागते.

सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ओळख होती, त्या काळात हे कोणाला मुद्दाम शिकवावे लागत नसे. तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने गल्लोगल्ली होती, दिवा नसलेल्या सायकलस्वाराला रात्री पोलीस अडवत, आणि कोणत्या चढावर उतरून चालावे, कोणता चौक कसा ओलांडावा, हे मुले शाळेच्या वाटेवरच थोरांकडून उचलत. पुढे १९७२ साली लूना ही मोपेड आली, आकुर्डीच्या कारखान्यातील स्कूटर घरोघरी पोहोचल्या, आणि दोन पिढ्यांत ही जाण शहराच्या अंगवळणातून निघून गेली. ही हानी रस्ते अरुंद होण्याइतकीच मोठी मानली पाहिजे. २००६ च्या अखेरीस कात्रज ते स्वारगेट ते हडपसर या मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली आणि त्या आखणीत रस्त्याकडेने सायकल मार्गही होते. २०१७ मध्ये महापालिकेने संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास मोबाइलवरून भाड्याने मिळणाऱ्या सायकली रस्त्यावर आल्या आणि अल्पावधीत दिसेनाशाही झाल्या. सायकल मार्गाची खरी परीक्षा त्याच्या सलगतेत असते. मार्ग चौकाच्या तोंडाशीच संपला किंवा त्यावर दुचाकी उभ्या राहिल्या, तर सायकलस्वार नेमक्या सर्वांत धोक्याच्या जागी उघडा पडतो, आणि म्हणून कागदावरच्या मार्गावर विसंबून न राहता प्रत्यक्ष रस्ता पाहणे आवश्यक ठरते.

ही पाहणी नोकरीवर रुजू होण्याआधी किमान दोनदा करावी. पहिली फेरी रविवारी सकाळी, वळणे आणि खड्डे ओळखण्यासाठी. दुसरी कामाच्या दिवशी आणि कामाच्याच वेळी, कारण रविवारचा रस्ता सोमवारबद्दल काहीच सांगत नाही. मध्यवस्तीकडे जाणाऱ्याने परतीची वाटही स्वतंत्रपणे पाहावी. बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडे आणि शिवाजी रस्ता स्वारगेटकडे असे एकेरी असल्याने जाण्याची आणि येण्याची वाट एकच नसते.

स्वारगेटच्या जेधे चौकात विशेष जपायचे ते बसच्या डाव्या अंगाला. लांब बस डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता कोपऱ्याच्या अधिक जवळून जातात, आणि तेथे बस व पदपथाची कड यांच्यामधली जागा क्षणात मिटत जाते. शिवाय चालकाला त्या बाजूचा खालचा भाग आरशात नीट दिसत नाही. सिग्नलला थांबलेल्या बसच्या डावीकडून पुढे घुसण्याचा मोह येथे कटाक्षाने टाळावा आणि बसच्या मागेच, चालकाचा आरसा आपल्याला दिसेल अशा जागी थांबावे. चौक फारच भरलेला असेल, तर उतरून सायकल हाती धरून झेब्रा पट्ट्यांवरून रस्ता ओलांडण्यात कोणताही कमीपणा नाही. पहिल्या महिन्यात तर तोच शहाणपणा.

सायकल जुनी असली तरी चालते, मात्र ती अंगाला बसलेली असावी. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हावा, इतकी सीटची उंची ठेवली म्हणजे चवडा पेडलवर आल्यावर गुडघ्याला योग्य तेवढा बाक राहतो. सीट खाली असेल तर गुडघे दुखू लागतात आणि दोष मात्र चढाला दिला जातो. ट्यूबमधली हवा सायकल नुसती उभी असली तरी कमी होते, म्हणून टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याप्रमाणे ती आठवड्यातून एकदा भरावी. हवा कमी असताना खड्ड्याची धार लागली की ट्यूब टायर आणि रिम यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन बारीक भोके पडतात. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवल्यावर बुडबुड्यांची अशी जोडी दिसली, तर खिळा शोधत बसण्यापेक्षा हवेकडे लक्ष द्यावे. पावसाळ्यात रिमवर दाबणारे ब्रेक ओलाव्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांत नीट धरत नाहीत, तेव्हा थांबण्याच्या बऱ्याच आधीपासून ते हलके दाबत राहावे. मडगार्ड आणि मागचा लाल दिवा यांना शोभेच्या वस्तू समजू नये.

रुजू होण्याच्या दिवशी मूळ प्रमाणपत्रे बरोबर असतात, आणि ती पाठीवरच्या सॅकमध्ये न ठेवता जलरोधक पिशवीत घालून कॅरिअरला बांधणे केव्हाही चांगले, कारण पाठीला चिकटलेली सॅक थंडीतही सदरा भिजवते. पिंपरी-चिंचवडसारखे दूरचे ठिकाण असेल, तर स्वारगेटपर्यंतच सायकल आणि पुढे भुयारी मेट्रो अशी सांगड घालता येते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा सुरू झाल्यापासून ती सोय झाली आहे.

एक गोष्ट मात्र आधी विचारूनच घ्यावी लागते. नियुक्तीपत्र हाती आल्यावर वेतन आणि रजा यांची चौकशी सगळेच करतात. त्याच वेळी कार्यालयाच्या आवारात सायकल साखळीने बांधता येईल असा लोखंडी दांडा कोठे आहे, तेथे छप्पर आहे काय आणि कपडे बदलण्यास खोली मिळेल काय, हेही विचारावे. सुरक्षारक्षकाची ओळख तर चाचणीच्या फेरीतच करून घ्यावी, म्हणजे पहिल्या दिवशी, घड्याळाचा काटा पुढे सरकत असताना, सायकल फाटकाबाहेर लावण्याची वेळ येत नाही.