धूर आणि बेदाणा

धुराचा वास येणारे पेय माणसे आवडीने का घेतात, हा प्रश्न मद्य न घेणाऱ्यालाही पडावा असा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस आयला हे बेट आहे. तेथील बहुतेक व्हिस्कीसाठी मोड आणलेले जव पीटच्या, म्हणजे दलदलीत हजारो वर्षे दबलेल्या वनस्पतींच्या, धुरावर वाळवतात. त्या धुरातील फिनॉल वर्गाची द्रव्ये दाण्यात मुरतात आणि ऊर्ध्वपातनानंतरही उरतात. म्हणून पहिल्या वासालाच इस्पितळाची आठवण होते!

गोडी मात्र लाकडाची. बोमोरची १५ वर्षांची व्हिस्की शेवटची ३ वर्षे ओलोरोसो शेरीच्या पिंपात राहते, आणि तेथे तिला बेदाण्याची, सुक्या अंजिराची चव चढते. पूर्वी शेरी पिंपांतून ब्रिटनला येई व रिकामी पिंपे व्हिस्कीच्या कामी येत. १९८०च्या दशकात ती आवक थांबली. आता बहुधा पिंपे व्हिस्कीसाठीच मुद्दाम शेरीने मुरवून घेतात.

रंगावर आम्ही भरवसा ठेवीत नाही. स्कॉचमध्ये कॅरॅमल रंग घालण्यास कायद्याची मुभा आहे. आधी हुंगावे, लहानसा घोट जिभेवर घोळवावा, मग थेंबभर पाणी घालून पुन्हा पाहावे. गोडी प्रथम कळते, धूर घोट गिळल्यावर घशातून परत येतो. तो परत आलाच नाही, तर शेरी अंमळ जास्त झाली असे आम्ही समजतो.