हाडाचे कलम आणि कर्करोगाची औषधे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हाडांवर लिहावे याचे नवल वाटेल. पण प्रश्न जमाखर्चाचाच आहे.

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग बहुधा गुडघ्याजवळ आणि ऐन विशीच्या आत होतो. पूर्वी पाय कापीत, तरी पाचांपैकी चौघे दगावत; कारण रोग आधीच फुप्फुसात पोचलेला असे. १९७० नंतर मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिसप्लॅटिन ही औषधे आली. आज रोग पसरलेला दिसत नसेल, तर दहांपैकी सहा-सात रुग्ण वाचतात. शिवाय रोगट भाग काढून तेथे मृत दात्याचे हाड बसवता येते. हेच हाडाचे कलम.

अडचण येथेच आहे. दात्याचे हाड निर्जीव असते. जोड भरून काढायचा तो रुग्णाच्या हाडातील पेशींनी, झपाट्याने विभागून. आणि औषधे मारतात ती विभागणाऱ्या पेशींनाच! चोर कोण, गवंडी कोण, हे त्यांना कळत नाही. बोस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील अशा ९४५ रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. जोड न जुळण्याचे प्रमाण औषधे न घेतलेल्यांत ११ टक्के, तर घेतलेल्यांत २७ टक्के आढळले.

मग औषधे बंद करावीत काय? मुळीच नाही. न जुळलेला जोड रुग्णाच्याच कमरेचे हाड घालून पुन्हा जुळवता येतो. गेलेला जीव परत येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेची जखम भरली की औषधे पुन्हा सुरू करतात. हाडाच्या खात्यावर तोटा दिसला, तरी ताळेबंद नफ्याचाच राहतो.