धनको, ऋणको आणि दलाल

जुनी खतपत्रे चाळली म्हणजे सावकार कर्ज देताना काय काय पाहत असे ते कळून येते. कुळाचे गाव, बापाचे नाव, जमिनीच्या चतुःसीमा, गहाण ठेवलेल्या दागिन्याचे वजन आणि खाली दोन साक्षीदारांच्या निशाण्या. ह्या धंद्याची कीर्ती चांगली नव्हती. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी खतांचीच होळी केली, ती उगीच नव्हे. परंतु आपला पैसा कोणाच्या हाती जात आहे, एवढे तरी सावकाराला पक्के ठाऊक असे. आज इंदूर, बेळगाव किंवा बडोदे येथील एखादे निवृत्त शिक्षक मोबाइलच्या साहाय्याने घरबसल्या शंभर जणांचे सावकार होऊ शकतात, आणि त्या शंभरांपैकी एकाचेही तोंड त्यांनी पाहिलेले नसते.

ह्या व्यवहारास ‘पीअर-टु-पीअर’ किंवा थोडक्यात ‘पी-टू-पी’ कर्ज असे म्हणतात. ज्याच्यापाशी शिल्लक आहे तो धनको, ज्याला निकड आहे तो ऋणको, आणि ह्या दोघांची संगणकावर गाठ घालून देणारी कंपनी ही मध्यस्थ. बँक मधून वगळली की धनकोला व्याज अधिक आणि ऋणकोला कर्ज सुलभ, अशी मूळ कल्पना. ब्रिटनमध्ये २००५ साली निघालेली ‘झोपा’ नावाची कंपनी (हे नाव मराठी कानाला थोडे गमतीचेच वाटते) ह्या प्रकारातली पहिली मानली जाते. तिने २०२० साली बँकेचा पूर्ण परवाना मिळविला आणि २०२१ च्या अखेरीस हा मूळचा व्यवहार बंद केला. भारतात रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये अशा कंपन्यांसाठी स्वतंत्र नियम केले आणि नोंदणी आवश्यक ठरविली.

धोका समजून घ्यावयाचा तर बँकेतील मुदतठेवीशी ह्या व्यवहाराची तुलना करून पाहावी. ठेवीदाराचा पैसा बँक पुढे कोणाला देते, ह्याच्याशी ठेवीदाराला कर्तव्य नसते. कर्जदार बुडाला तरी देणेकरी बँकच राहते, आणि तो तोटा प्रथम तिच्या नफ्यावर व भांडवलावर पडतो. त्याच्याही मागे विम्याची भिंत आहे. १९६० साली लक्ष्मी बँक आणि पलई सेंट्रल बँक ह्या दोन बँका बुडाल्या, त्यातून धडा घेऊन १ जानेवारी १९६२ पासून ठेवविमा लागू झाला. तेव्हा तो दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांचा होता, २०२० साली तो पाच लाखांवर नेण्यात आला.

पी-टू-पी व्यवहारात ह्यांपैकी एकही भिंत नाही. येथे देणेकरी असतो तो प्रत्यक्ष ऋणको. कंपनी केवळ दलाल. कर्ज बुडाले तर तोटा तिने भरून द्यावा असे नाही, किंबहुना तसे आश्वासन देण्यास किंवा हमी घेण्यास तिला नियमानेच मनाई आहे. तारण घेऊन कर्ज देण्याची सोयही ह्या मार्गात नाही. घर नाही, सोने नाही, ऋणकोची सही आणि त्याची ऐपत एवढाच आधार. पैशाची ने-आण विश्वस्ताच्या देखरेखीखालील खात्यातून होते, ही सोय चांगली आहे. दलालाने रक्कम खिशात घालू नये, एवढा बंदोबस्त तिने होतो. ऋणकोने ती परत करावी, ह्याचा नाही. नोंदणीकृत ह्या एका शब्दावर विसंबणाऱ्यांची गल्लत नेमकी येथे होते.

जोखीम वाटली जावी म्हणून रक्कम अनेकांत विभागून द्यावी, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. नियमानेही एका धनकोला एकाच ऋणकोस पन्नास हजारांहून अधिक देता येत नाही. सल्ला योग्य आहे, पण तो कोठवर पुरतो हे आकड्यांनी तपासावे. समजा, एक लाख रुपये शंभर जणांना प्रत्येकी एक हजार असे वर्षाला १८ टक्के दराने दिले, आणि वर्षअखेरीस मुद्दल व व्याज एकदम परत यावयाचे आहे. दहा जण बुडाले तर हाती १,०६,२०० रुपये येतात, म्हणजे १८ टक्क्यांचे सहा झाले. पंधरा बुडाले तर १,००,३००, नफा अवघा तीनशे. सोळावा बुडाला की मुद्दलालाच हात लागला. ह्यातून दलाली अजून वजा व्हावयाची आहे. शिवाय आलेले व्याज प्राप्तिकरास पात्र असते, आणि ज्याचा सावकारी हा धंदा नाही त्याला बुडालेले मुद्दल त्यातून वजा मिळेल असे धरून चालता येत नाही. नफा नाममात्र आणि कर मात्र संपूर्ण व्याजावर, असा प्रसंग त्यामुळे येऊ शकतो.

दुसरे असे की, हे शंभर ऋणको एकमेकांस अनोळखी असले तरी एकाच काळात राहतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा दुकानदार, रिक्षाचालक आणि खासगी नोकरदार ह्यांची मिळकत एकाच आठवड्यात आटली. विभागणीचा उपयोग एकट्यादुकट्याच्या दुर्दैवापुरता, सर्वांवर एकदम आलेल्या संकटापुढे तो चालत नाही. मग हजार रुपयांच्या वसुलीसाठी परगावच्या दिवाणी न्यायालयाची पायरी कोण चढणार?

दलालाचे हित आणि धनकोचे हित एकच आहे, असेही समजू नये. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार दलालीची रक्कम परतफेडीवर अवलंबून ठेवता येत नाही. ठरीव परतावा धनकोला द्यावयाचा आणि उरलेले व्याज दलाली म्हणून आपण ठेवावयाचे, ह्या प्रकारास त्यामुळे आळा बसला. परंतु कर्ज फिटो वा बुडो, दलालाचे पैसे मिळतात, ही बाजूही विसरता येत नाही.

सर्वांत फसवे आकर्षण होते ते ‘केव्हाही पैसे परत’ ह्या आश्वासनाचे. कर्ज दोन वर्षांचे असेल, तर धनकोला दोन महिन्यांत पैसे कोठून मिळणार? नव्या धनकोने भरलेल्या रकमेतून जुन्याची परतफेड होत राहील तोवरच असे आश्वासन पाळता येते. नव्यांचा ओघ थांबला की जुने अडकले. रिझर्व्ह बँकेने १६ ऑगस्ट २०२४ रोजी ह्यावर बोट ठेवले. खात्रीचा परतावा किंवा हवे तेव्हा रक्कम काढण्याची सोय दाखवून ह्या व्यवहाराची गुंतवणूक योजना म्हणून जाहिरात करण्यास तिने मनाई केली, आणि आलेला पैसा मधल्या खात्यात पडून राहू नये म्हणून एका दिवसाची मुदत घातली. हा हुकूम कित्येकांना जाचक वाटला. परंतु तो निघावयास उशीरच झाला होता, असे म्हणावे लागते.

अशा ओघावर सारा डोलारा उभा राहिला की काय होते, ते चीनने पाहिले. ‘ई-झुबाओ’ नावाच्या मंचाने सुमारे नऊ लाख लोकांकडून ५,००० कोटी युआन गोळा केले. २०१५ च्या डिसेंबरात तो बंद पाडण्यात आला तेव्हा त्याने दाखविलेली बहुतेक कर्जे बनावट असल्याचे उघडकीस आले. ऐन भरात चीनमध्ये असे हजारो मंच होते. २०२० च्या नोव्हेंबरपर्यंत तेथील नियामकांनी सर्व बंद झाल्याचे जाहीर केले. भारतातील व्यवस्था त्याहून पुष्कळ आखीव आहे, हे खरे. येथील भीती बनावट ऋणकोंपेक्षा खऱ्या पण दुबळ्या ऋणकोंची अधिक. बँकेने परत पाठविलेला मनुष्यच पुष्कळदा महागड्या व्याजाला राजी होतो.

ह्या मार्गाने जावयाचेच असेल, तर कंपनीचे नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहे की नाही हे आधी पाहावे, आणि तिने आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेले थकबाकीचे व बुडीत कर्जांचे प्रमाण महिन्यामागून महिना वाचावे. हे प्रमाण प्रसिद्ध करणे कंपनीस बंधनकारक आहे. त्याखेरीज पैसे देण्यापूर्वी प्रत्येक धनकोकडून एक निवेदन घेतले जाते. परताव्याची कोणतीही हमी नाही आणि संपूर्ण मुद्दल बुडू शकते, हे आपणांस समजले आहे, असा त्याचा आशय असतो. बहुतेक जण त्या मजकुरापुढील चौकटीत न वाचताच खूण करतात.