क्षेत्रकार्यासाठी अल्पमोली स्मार्टफोनची निवड

बोलीच्या अभ्यासात अभ्यासकाच्या कानाइतकेच त्याच्या हातातील साधनालाही महत्त्व असते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) मराठीच्या बोलींचे जे नमुने आले, ते लेखी स्वरूपात गोळा झालेले होते. त्यांतील उच्चार आज ऐकून पडताळून पाहता येत नाहीत. पुढे १९६०च्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या वतीने बोली-सर्वेक्षणाची पुस्तके सिद्ध केली व प्रत्यक्ष निवेदकांच्या बोलण्यावरून एकेका बोलीचे वर्णन मांडले. आज एखादा पदव्युत्तर विद्यार्थी अशा कामासाठी गावात जातो, तेव्हा ध्वनिमुद्रक, छायाचित्रक, नकाशा आणि टिपणवही ही चारही साधने एका स्मार्टफोनच्या रूपाने त्याच्या खिशात असतात. ही सोय मोठी आहे; परंतु तीत एक धोका दडलेला आहे. स्मार्टफोन हा मुळात संभाषणासाठी घडविलेला असतो, संशोधनासाठी नव्हे. अल्प किमतीत त्याची निवड करावयाची, तर कोणते गुण आवश्यक व कोणते निव्वळ शोभेचे, याचा विवेक प्रथम करावा लागतो.

पहिला प्रश्न ध्वनीचा. ‘जग’ हा शब्द ‘विश्व’ या अर्थी उच्चारताना त्यातील ज तालव्य असतो. ‘जगणे’ या धातूचे आज्ञार्थी रूप उच्चारताना तो दंतमूलीय असतो. लेखनात हे दोन शब्द एकरूप दिसतात. भेद राहतो तो केवळ उच्चारात. असाच भेद ‘चार’ व ‘चारा’ यांतील चकारांत आहे. ह्या वर्णांच्या उच्चारात जो घर्षणाचा अंश असतो, त्याच्या वारंवारतेवरून कान हा भेद ओळखतो. शुद्ध सकाराच्या घर्षणाची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते, तर शकाराची त्याहून खाली एकवटते. आता ध्वनिमुद्रणाचा नियम असा की, सेकंदाला जितके नमुने घेतले जातात त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच ध्वनी टिपला जातो. फोनवरील जुन्या पद्धतीच्या संभाषणमुद्रणात नमुने सेकंदाला ८,००० असतात. म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचे सारे गळून पडते. असे मुद्रण अर्थबोधाला पुरेसे असले, तरी दंतमूलीय व तालव्य वर्णांच्या तुलनेस निरुपयोगी ठरते.

म्हणून सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने व प्रत्येक नमुना १६ बिटांचा, अशा असंकुचित ‘वेव्ह’ स्वरूपात मुद्रण करता येणे ही निवडीची पहिली अट होय. ४८,००० नमुन्यांच्या एकमार्गी मुद्रणास तासाला सुमारे ३४६ मेगाबाइट जागा लागते. दिवसाला चार तास व वीस दिवस काम धरले, तरी एकूण जागा २८ गिगाबाइटांच्या आसपास भरते. साठवणीच्या जागेचा हिशेब इतका साधा आहे. जाहिरातीतील आकडे पाहून जादा पैसे मोजण्यापेक्षा, स्मृतिपत्रिका घालण्याची स्वतंत्र खाच असलेला फोन घेणे अधिक शहाणपणाचे.

तथापि केवळ ‘वेव्ह’ ही अक्षरे पाहून समाधान मानणे योग्य नाही. फोनमधील यंत्रणा ध्वनी साठविण्यापूर्वीच त्यावर दोन संस्कार करते. एक, हळू आवाज आपोआप वाढविणे व मोठा कमी करणे. दुसरा, पार्श्वभूमीचा गोंगाट गाळणे. संभाषणाला हे दोन्ही उपकारक आहेत. परंतु आघात, महाप्राणत्व व घर्षण यांच्या मोजमापात ते विकृती आणतात. महाप्राणाचा श्वास आणि पंख्याची घरघर यांतील फरक गाळणाऱ्या यंत्रणेस कळेलच, असे नाही. अँड्रॉइड प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (२०१६) असंस्कारित ध्वनी मिळविण्याची सोय आली, पण ती पुरविण्याचे बंधन प्रत्येक फोनवर नाही. एकाच किमतीच्या दोन फोनांत येथेच मोठे अंतर पडते आणि ते माहितीपत्रकात छापलेले नसते.

ते ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. पंखा चालू असलेल्या खोलीत मुद्रण सुरू करून अर्धा मिनिट स्तब्ध बसावे. पंख्याचा आवाज काही क्षणांनी आपोआप मंदावला, तर गाळणी चालू आहे असे समजावे. त्यानंतर एक वाक्य मोठ्याने उच्चारून पुन्हा थांबावे. विरामात पार्श्वध्वनी हळूहळू वर चढला, तर आवाज समतोल करणारी यंत्रणा काम करीत आहे. शेवटी ‘जग’ व ‘चार–चारा’ यांसारखे शब्द मुद्रित करून ‘प्रात’ ह्या विनामूल्य संगणक-कार्यक्रमात त्यांचा वर्णपट पाहावा. ४,००० किंवा ८,००० हर्ट्झच्या रेषेवर आलेख कापल्यासारखा संपत असेल, तर नमुन्यांचा आकडा कितीही मोठा असला तरी तो फसवा होय. ही परीक्षा दहा मिनिटांत होते आणि परिचिताच्या फोनवरही करता येते.

बाह्य मायक्रोफोन जोडला असता परिणाम पुष्कळ सुधारतो, कारण तो निवेदकाच्या मुखाजवळ ठेवता येतो. यासाठी ३.५ मिलिमीटरचे छिद्र असलेला फोन सोयीचा. मात्र फोनच्या छिद्रास चार वलयांची पिन लागते. कॅमेऱ्यासाठी बनविलेल्या मायक्रोफोनची पिन तीन वलयांची असते व ती थेट जोडल्यास फोन स्वतःच्याच मायक्रोफोनवर मुद्रण करीत राहण्याचा संभव असतो. ब्लूटूथने जोडलेला मायक्रोफोन ह्या कामी टाळावा. संभाषणाच्या पद्धतीत त्याचे नमुने बहुधा सेकंदाला ८ किंवा १६ हजारच असतात. एकूण रकमेतील काही भाग कॅमेऱ्याच्या भिंगांऐवजी तारेच्या मायक्रोफोनसाठी राखून ठेवणे, हा अल्प खर्चातील सर्वांत फलदायी निर्णय म्हणता येईल.

यापुढची अट तुलनेची आहे, आणि तीच सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. ‘लँग्वेज’ ह्या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळी उपकरणे व मुद्रण-कार्यक्रम यांमुळे ध्वनिमापनात पडणारा फरक तपासण्यात आला. त्यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. रत्नागिरीतील निवेदकांचे मुद्रण एका फोनवर व सिंधुदुर्गातील निवेदकांचे दुसऱ्या फोनवर केले, तर फोनांमधील भेद बोलींमधील भेद म्हणून प्रबंधात शिरू शकतो. म्हणून एका प्रकल्पातील सर्व विद्यार्थ्यांनी एकाच प्रकारचा फोन, एकच कार्यक्रम व एकच मायक्रोफोन वापरावा आणि प्रत्येक मुद्रणाच्या नोंदीत त्यांचा उल्लेख करावा. चार जणांनी चार उत्तम फोन घेण्यापेक्षा चौघांनी एकाच जातीचे मध्यम फोन घेणे शास्त्रदृष्ट्या श्रेयस्कर आहे.

शरीरबळाच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात. विदर्भातील उन्हाळ्यात लिथियम विद्युत्घट ४५ अंशांच्या पुढे भारित करणे हितावह नसते. म्हणून मोठ्या धारणेचा, सुमारे ५,००० मिलिअँपिअर-तासांचा घट असावा, म्हणजे रात्रीच्या गारव्यात एकदा भारित केल्यावर दिवस निभावतो. कोकणातील पावसासाठी संरक्षणाचा दर्जा पाहावा : ‘आयपी ५४’ म्हणजे धूळ व शिंतोडे यांपासून बचाव, तर ‘आयपी ६७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकाव. अल्पमोली फोनांत पहिला दर्जाही पुष्कळदा पुरतो, कारण पिशवीतील प्लॅस्टिकचे वेष्टन उरलेले काम करते. तिसरी गोष्ट स्थाननिश्चितीची. उपग्रहांवरून मोकळ्या आकाशाखाली सुमारे पाच मीटरांपर्यंत स्थान कळते व त्यासाठी दूरध्वनीचे जाळे लागत नाही. जाळे नसल्यास पहिली नोंद मिळण्यास विलंब मात्र लागतो.

काम करताना फोन ‘विमान’ स्थितीत ठेवावा, म्हणजे मध्येच येणारा फोन मुद्रण तोडणार नाही. वीज वाचविणारी व्यवस्थाही बंद ठेवावी, कारण पडदा मालवताच ती मुद्रण थांबविण्याची शक्यता असते. निवेदकाची संमती मुद्रणाच्या आरंभी त्याच्याच आवाजात घ्यावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा लक्षात घेता फोनला कुलूपशब्द असणे व निर्मात्याकडून सुरक्षिततेच्या सुधारणा मिळत राहणे, हेही निवडीचे निकष मानले पाहिजेत; जुना फोन स्वस्त मिळाला तरी ह्या बाबतीत तो महाग पडतो. प्रत्येक रात्री मुद्रणाची प्रत दुसऱ्या साधनावर व शक्य तेव्हा तिसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावी.

सारांश, अल्पमोली फोन क्षेत्रकार्यास अपात्र नाही. अपरीक्षित फोन मात्र अपात्र आहे. वृद्ध निवेदकाकडे पुन्हा जाण्याची संधी नेहमीच मिळते असे नाही, आणि गाळणीने पुसलेला श्वास पुढे कोणत्याही संगणकाने परत आणता येत नाही. यासाठी गावाची वाट धरण्यापूर्वी पंख्याखालच्या त्या दहा मिनिटांच्या परीक्षेस प्रत्येक विद्यार्थ्याने आपले साधन बसवावे, हे उचित होय.