'कौटुंबिक पार्श्वभूमी' नावाचा रकाना

संशोधन शिष्यवृत्तीचा किंवा परदेशी विद्यापीठातील प्रवेशाचा अर्ज भरताना पदव्युत्तर विद्यार्थी दोन प्रश्नांपाशी हमखास अडखळतो : आपली कौटुंबिक पार्श्वभूमी काय आणि आपल्या आवडीनिवडी कोणत्या? बहुतेक जण पहिल्या प्रश्नापुढे वडिलांचा व्यवसाय लिहून मोकळे होतात आणि दुसऱ्यापुढे 'वाचन, संगीत, क्रिकेट' हे ठरलेले उत्तर येते. घरात कोणी शिकलेले नसेल, तर पहिला रकाना भरताना संकोचही वाटतो. वस्तुतः संशोधनाची दिशा अनेकदा याच दोन गोष्टींतून ठरते. ती कशी, हे डॉ. कमला सोहोनी यांच्या विद्यार्थिदशेवरून स्पष्ट होते.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेचे, म्हणजेच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे, सुरुवातीच्या काळातील विद्यार्थी. थोरली बहीण म्हणजे पुढे ख्यातनाम झालेल्या लेखिका दुर्गा भागवत. अशा घरात रसायनशास्त्राची गोडी लागणे स्वाभाविक होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिला क्रमांक मिळवल्यावर कमलाबाईंनी वडील आणि काकांच्याच संस्थेकडे अर्ज केला.

तथापि, घराण्याची पुण्याई तेथे कामी आली नाही. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. वडील आणि काकांच्या विनंतीचाही उपयोग झाला नाही. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचे आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू द्यायचे नाही, अशा त्या अटी होत्या. हा अपमान गिळून त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींनाही उघडले. घराने दिशा दिली होती. दार मात्र स्वतःच उघडावे लागले.

आवडीच्या बाबतीतही हे उदाहरण बोलके आहे. कमलाबाईंनी बंगळुरूत अभ्यासासाठी निवडले ते दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिने. भारतीय स्वयंपाकघरात रोज हाताळले जाणारे पदार्थच त्यांच्या परीक्षानळीत आले. १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. पुढे केंब्रिजला गेल्यावर त्यांनी बटाट्यावर काम केले आणि वनस्पतींच्या पेशींतील ऑक्सिडीकरणाच्या प्रक्रियेत 'सायटोक्रोम सी' या घटकाचा सहभाग असतो, हे दाखवून दिले. या कामावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीसेक पानांचा होता.

एकाच घरातून निघालेल्या दोन वाटा किती वेगळ्या असू शकतात, हे दुर्गाबाईंकडे पाहून कळते. त्यांचा ओढा समाजशास्त्र, लोकसाहित्य आणि आदिवासी जीवन यांकडे होता. संशोधनासाठी मध्य प्रांतातील आदिवासी भागात त्या हिंडल्या. पण दीर्घ आजारपणामुळे पीएच.डी. अपुरी राहिली. पदवी हुकली तरी अभ्यास थांबला नाही. पुढे १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. अन्नाविषयीचे कुतूहल मात्र दोघींत समान होते. दुर्गाबाईंनी 'खमंग' हे पाककृतींचे पुस्तक लिहिले, तर कमलाबाईंनी 'आहारगाथा'.

मग ज्यांच्या घरी रसायनशास्त्रज्ञ नाहीत, त्यांनी काय लिहावे? याचे उत्तर कमलाबाईंच्या उत्तरायुष्यातील एका संशोधनात सापडते. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अध्यापन करू लागल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत आणि ताडगुळात क जीवनसत्त्व, लोह असे पोषक घटक असतात आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवतींना त्यांचा उपयोग होतो, असे या अभ्यासातून दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

हीच नीरा पालघरजवळच्या शिरगावसारख्या किनाऱ्यावरील गावांत कोणाला नवी नाही. ताडावर चढून मडके बांधणे, पहाटे ते उतरवणे, रस आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावणे, ऊन चढू लागले की त्याच रसाची ताडी होणे, हे सारे येथील जाणत्यांना पुस्तकाविना ठाऊक असते. हवेतील यीस्ट रसातील साखरेचे अल्कोहोल करते आणि चुना ही क्रिया रोखून धरतो, हे त्यामागचे रसायनशास्त्र. ताड उतरवणाऱ्याच्या घरातील मुलगी जीवरसायनशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी झाली, तर हा विषय तिला कोणी शिकवावा लागणार नाही. मासळी खारवणाऱ्या आणि सुकवणाऱ्या कोळी घरातून सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळलेल्या मुलालाही हेच लागू पडते.

त्यामुळे 'पार्श्वभूमी : वडील ताड उतरवतात' या एका ओळीवर न थांबता, त्या कामात काय पाहिले, कोणता प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी आजवर काय केले, हे लिहावे. आवडीच्या रकान्यातही जे खरोखर केले जाते तेच असावे. निवड समितीसमोर त्यावरच प्रश्न येतात आणि उसनी आवड दोन प्रश्नांत उघडी पडते. शिकलेल्या घरातील मुलाला पुस्तके, मार्गदर्शन आणि आत्मविश्वास लवकर मिळतो, हा फरक नाकारण्यात अर्थ नाही. तो भरून काढण्याची जबाबदारी महाविद्यालयांची आणि शिष्यवृत्ती देणाऱ्यांचीही आहे. मात्र संशोधनाला विषय पुरवण्याच्या बाबतीत शिरगावच्या घरातील ताडाचे मडके भागवतांच्या घरातील परीक्षानळीपेक्षा उणे ठरत नाही.