माठ घेतानाही टिचकी मारतोच ना?

४ डिसेंबर २०२३. नौदल दिन पहिल्यांदाच मोठा नौदल तळ सोडून आपल्या मालवणात! काय गो ती गर्दी! पोरांचे हात घट्ट धरून बायका तारकर्लीच्या वाळूत युद्धनौका बघत उभ्या. त्याच दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते राजकोटावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला आणि काळजात चर्र झालं. समोरच, १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग साडेतीनशेहून जास्त पावसाळे झेलून उभा आहे. २०२५ मध्ये राजकोटावर नवा पुतळा उभारला गेला.

मैत्रिणींनो, सोहळ्याला हौसेनं जाऊच. पण माठ घेतानाही आपण टिचकी मारून बघतो. मग राजांच्या नावाच्या कामाचा पक्केपणा विचारायला लाजायचं कशाला?