पस्तीस अंशांचं यंत्र, पन्नास अंशांचं शहर

अमेरिकेतलं फीनिक्स शहर सोनोरा वाळवंटात वसलेलं आहे. २०२३ साली तिथं ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा रोज ४३ अंशांच्या वर गेला. चंद्रपूरकराला या आकड्याचं फारसं अप्रूप वाटणार नाही. पण त्याच जुलैच्या १९ तारखेला फीनिक्सचं किमान तापमान होतं ३६ अंश. पहाटेसुद्धा पारा त्याखाली उतरला नाही. घरगुती एसीची छापील क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. म्हणजे त्या दिवशी पाटीवर लिहिलेली ताकद दाखवायला यंत्राला पहाटदेखील मिळाली नाही. शहराचा उच्चांक तर २६ जून १९९० चा, ५० अंशांचा.

तिथल्या अनेक जुन्या घरांत हा एसी छतावर असतो. कॉम्प्रेसर, पंखे, दोन्ही कॉइल सगळं एकाच पत्र्याच्या पेटीत, आणि तिथून डक्ट घरभर. आपल्या स्प्लिटसारखा हा एका खोलीपुरता नसतो. अख्ख्या घराला एकच, तीन-चार-पाच टनांचा. हा टन वजनाचा नव्हे. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, ते हे माप. तासाला १२,००० बीटीयू.

एसी थंडी तयार करत नाही, घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती टाकायची तर बाहेरच्या कॉइलमधला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा बराच गरम असावा लागतो. बाहेर ४६ असेल तर गॅसला साठीच्या आसपास जावं लागतं. गेली काही वर्षं सर्रास वापरात असलेला आर-४१०ए हा गॅस ७१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. म्हणजे हातात अंतर उरतं दहा-बारा अंशांचं. कॉम्प्रेसर जास्त दाब देतो, जास्त वीज खातो आणि थंडावा कमी देतो. यंत्र बिघडलेलं नसतानाही हे होतं.

म्हणून दुपारी चार वाजता थर्मोस्टॅटवर २४ आणि घरात २८ दिसलं, की लगेच मेकॅनिकला फोन लावू नये. आधी साधा थर्मामीटर घ्यावा. परतीच्या, म्हणजे घरातली हवा यंत्राकडे नेणाऱ्या जाळीत शिरणारी हवा किती अंशांची आणि यंत्राजवळच्या झरोक्यातून येणारी किती, ते पाहावं. फरक नऊ ते बारा अंशांचा असेल तर यंत्र आपलं काम करतंय. मग दोष छताच्या इन्सुलेशनमध्ये, पश्चिमेच्या उघड्या काचांत किंवा डक्टमध्ये शोधावा. डक्ट ज्यातून जातात त्या पोटमाळ्यातली हवा तिथं साठ अंशांपर्यंत तापते. परतीच्या डक्टचा एखादा सांधा सुटला, की ती भट्टीतली हवा थेट यंत्रात ओढली जाते. अशा वेळी थर्मोस्टॅट १६ वर नेऊन काही साधत नाही. सकाळीच घर थोडं जास्त थंड करून ठेवणं मात्र उपयोगी पडतं.

फरक कमी असेल तर पहिला संशय फिल्टरवर, दुसरा बाहेरच्या कॉइलवर. जुलै-ऑगस्टात फीनिक्सवर धुळीची वादळं येतात, त्यांना तिथं ‘हबूब’ म्हणतात. ५ जुलै २०११ ची धुळीची भिंत सुमारे दीड किलोमीटर उंच होती. ती धूळ कॉइलच्या पातळ पात्यांत बसते. मेन स्विच बंद करून साध्या नळीने, हलक्या धारेने धुवावी. जोराच्या धारेने पाती वाकतात आणि हवा कायमची अडते. आतल्या कॉइलवर बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा. बर्फ वितळल्याशिवाय कोणतंही माप खरं येत नाही.

वाळवंटात सगळ्यात जास्त बळी जातो तो कॅपॅसिटरचा, म्हणजे कॉम्प्रेसर आणि पंख्याच्या मोटरला जोर देणाऱ्या भागाचा. अॅल्युमिनियमचा डबा, वर तीन टर्मिनल: एक सामाईक, एक पंख्याचं, एक कॉम्प्रेसरचं. अंगावर ‘४५+५’ असं काहीसं छापलेलं. उष्णतेने तो हळूहळू क्षमता गमावतो. ४५ च्या जागी मीटर ३८ दाखवू लागला, की कॉम्प्रेसर नुसता गुणगुणतो, तापतो आणि ओव्हरलोडवर ट्रिप होतो. झाकण फुगलेलं दिसलं तर मीटरचीही गरज नाही. वस्तू स्वस्त, बदलणं काही मिनिटांचं; पण वीज बंद केल्यावरही त्यात भार साठून राहतो, म्हणून घरच्या माणसाने त्याला हात लावू नये.

आणि गॅस? तो सगळ्यात शेवटी. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. कॉइल धुळीने चोंदलेली असताना वर आणखी गॅस भरला, तर आधीच वाढलेला दाब आणखी वाढतो. ‘मोठा एसी बसवा’ हा सल्लाही तितकाच सैल. डक्ट तेच ठेवून टन वाढवले, तर हवेची कोंडी होते आणि पैसा पाण्यात जातो.

एसी यायच्या आधी हे शहर कूलरवर जगलं. लाकडाच्या किसाच्या ताट्या, पाणी आणि पंखा, विदर्भातल्यासारखाच. हवेत दमटपणा आला की तोही आपल्याकडच्यासारखाच निकामी. भाड्याच्या घरांसाठी फीनिक्स महापालिकेचा नियम आहे: एसी असेल तर घर सुमारे २८ अंशांच्या वर जाऊ नये, कूलर असेल तर ३०. चोवीसची अपेक्षा नियमानेही ठेवलेली नाही.

फीनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथं २०२३ मध्ये उष्म्याने ६४५ माणसं दगावली. घरात मेलेल्यांपैकी अनेकांकडे एसी होता, पण बंद पडलेला. तेव्हा नागपूर असो, दुबई असो की फीनिक्स, यंत्राची तपासणी उन्हाळा तोंडावर येण्याआधी करून घ्यावी. आणि दारात आलेला मेकॅनिक थेट गॅसचा सिलिंडर उतरवू लागला, तर त्याला आधी हवेतला फरक मोजायला सांगावं.